मुलाखतीच्या टेबलावरचा नारळ

३ जानेवारी, शुक्रवार

तुयेच्या कारखान्याने दिवाळीला मिठाई आणि ही डायरी दिली, आणि त्याच आठवड्यात कंत्राट संपलं म्हणून घरी पाठवलं. डायरी नव्या वर्षाची, नोकरी मात्र जुन्या वर्षाबरोबर गेली. कोरी ठेवून तरी काय करायचं, म्हणून लिहायला घेतली आहे.

लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी पोदेराचा भोंगा वाजतो, आई पाव घेते, मी उठते. बाबा तोवर वायंगणात, हिवाळी भाताच्या शेतात, गेलेले असतात. मी फोन बघते, जेवते, पुन्हा फोन बघते. आई विचारते, "बरां नाय काय गो तुका?" बरं नसतं तर सांगता आलं असतं. वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही.

६ जानेवारी, सोमवार

साईश आला होता. आत्येचा मुलगा, मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. बाल्कांवात बसून चहा प्यायला आणि बाबा घरात नाहीत हे दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "सेजल, एक मोठी कंपनी आसा. हॉटेलाची लायन. पेडण्याचीच चेडवां होयी तेंका. तुझो नंबर दिलंय हांव."

मी विचारलं, कंपनीचं नाव काय. तो म्हणाला, नाव अजून ठरतंय. नाव ठरायच्या आधी माणसं घेणारी कंपनी मी पहिल्यांदाच ऐकली. पण तुयेच्या कारखान्याचं नाव तर गेटवर हातभर अक्षरांत होतं, त्याचा मला काय उपयोग झाला?

"मामाक इतक्यात सांगू नको," जाताना म्हणाला. "जालां की पेढे घेवन सांग." मला बरंच वाटलं. नाही झालं तर बाबांना तोंड दाखवायचा प्रश्न नको.

बाबा सध्या नोकरीबिकरीचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नाहीतच. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, कोणी दिल्लीवाला बंगले आणि पोहण्याचे तलाव बांधणार आहे. तसं झालं तर सड्याखालची झर आटेल, आणि झर आटली तर आमच्या वाड्याचं वायंगण गेलं, असं बाबांचं म्हणणं. सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत विरोधाचा ठराव घालायचा आहे. संध्याकाळी चार माणसं आमच्याकडे बसतात, आई चहा करते, मी कप उचलते.

८ जानेवारी, बुधवार

त्या कंपनीतून फोन आला. श्रद्धा मॅडम. बोलणं सावंतवाडीकडचं, गोड. शिक्षण विचारलं नाही, बी.कॉम. आहे हे मीच सांगितलं. घरची चौकशी मात्र आपुलकीने केली. घरात कोण कोण, बाबा काय करतात, गावात आमचं कसं काय. मी सांगितलं, वाड्याचा देव जो राखणदार, त्याचं गाऱ्हाणं आमच्या घराण्याकडे आहे. वर्षाचा नारळ ठेवताना बाबा गावाच्या वतीने देवाकडे मागतात, आणि जमलेला सगळा गाव "होय म्हाराजा" म्हणतो.

"आमच्याकडेही आहे की हे," त्या हसून म्हणाल्या. "तुम्हाला येतं का म्हणायला?"

मी म्हटलं, पाठ आहे, पण बायका घालत नाहीत. त्या म्हणाल्या, आजकाल असं काही राहिलेलं नाही. शुक्रवारी बोलावलंय, मांद्रे रस्त्याला. साडी नेसून या म्हणाल्या, "घरगुती वाटेल अशी."

१० जानेवारी, शुक्रवार

मुलाखत झाली. लक्षात आहे तसं लिहून ठेवते, पुढे कोणी विचारलं तर.

ऑफिस म्हणजे एक भाड्याचा व्हिला. बाहेर पाटी नाही. आत आमच्याच भागातली सातआठ मुलं बसलेली, सगळे आपापल्या फोनमध्ये. एकेकाला आत बोलवत होते आणि प्रत्येक जण मागच्या दाराने जात होता, त्यामुळे आत काय विचारतात हे कळायला मार्ग नव्हता.

आत श्रद्धा मॅडम आणि एक कॅमेरावाला. जनेलावर काळा पडदा, तोंडावर दिवा. पदराला एक बारका माईक लावला. मी सर्टिफिकेटांची फाइल पुढे केली, तर त्यांनी ती न उघडता बाजूच्या खुर्चीवर ठेवली. आता सगळं व्हिडिओवर घेतात म्हणे, मोठे साहेब दिल्लीला बसून बघतात. असेल. कारखान्यात मी तीन वर्षं एका मशीनसमोर बसत होते. लोक आता नोकऱ्या कशा देतात ते मला काय ठाऊक.

प्रश्न सोपे होते. नाव, आडनाव, गाव, वाडा. गावात नोकरी मिळाली तर कसं वाटेल? मी म्हटलं, चांगलं वाटेल, लांब जावं लागणार नाही. शेती करावीशी वाटते का? मी म्हटलं, नाही. आमच्या पिढीतलं कोण करतंय? झरीला पाणी असलं काय नि नसलं काय, शेतात उतरणारं माणूसच नाही. हे मी बोलून गेले. त्यांनी हेच पुन्हा एकदा, थोडं हसून बोलायला सांगितलं. घरच्यांचा पाठिंबा आहे का? मी म्हटलं, बाबा माझ्या पाठीशी आहेत. तेही दोनदा म्हणवून घेतलं.

मग मॅडम म्हणाल्या, "आता शेवटचं. नवं काम सुरू होतंय, चांगल्या शब्दांनी व्हावं. ते गाऱ्हाणं म्हणाल?" बाजूच्या टेबलावर नारळ ठेवलेला होता. केळीच्या पानावर, विड्यासकट. माझ्यासाठी म्हणून कोणी आठवणीने नारळ आणून ठेवलाय, ह्याचं मला इतकं अप्रूप वाटलं की नाही म्हणायचं सुचलंच नाही. शेंडी उलट्या बाजूला होती, ती मी फिरवून ठेवली.

लहानपणी बाबांच्या मागे पिशवी धरून उभी असायची, तेव्हापासून शब्द न् शब्द पाठ आहे. पण मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं. "बारा पांचाच्या देवा म्हाराजा, आज तुझ्या पायांकडे ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे. ह्या वाड्याची लेकरां जां काय नवां काम हातीं घेतत, तां सिद्धीक ने. काय इडा-पिडा, आडकाठी आसात ती भायर घाल रे म्हाराजा." आवाज बाबांसारखाच लागला. कॅमेरामागून तो माणूस "होय म्हाराजा" म्हणाला. त्याला आधी शिकवून ठेवलं असावं.

अंगावर काटा आला. ह्या दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

निघताना भिंतीवर एक मोठा फोटो दिसला. तांबडा सडा, वर एकच वड, खाली संगणकावर काढलेली पांढरी घरं आणि निळे तलाव. वड कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. रिक्षा थांबली होती म्हणून निघाले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ. फोन नाही.

१८ जानेवारी, शनिवार

फोन आला नाही, मीच फोनवर आले.

सकाळी मैत्रीण सुविधाने व्हिडिओ पाठवला, खाली फक्त एक प्रश्नचिन्ह. मी साडीत, दिव्याच्या उजेडात, हसते आहे. "झरीला पाणी असलं काय नि नसलं काय." मग, "बाबा माझ्या पाठीशी आहेत." मग सड्यावरून उडत जाणारा कॅमेरा, पांढरी घरं, निळे तलाव, आणि त्यावर माझा आवाज, पूर्ण गाऱ्हाणं. शेवटी तो "होय म्हाराजा", पण आता एकट्याचा नाही. पन्नास माणसं म्हणताहेत असं केलंय. वर लिहिलंय, कोरगावची लेक, राखणदाराचा आशीर्वाद.

इतर मुलांचेही आहेत म्हणे. त्यांचे कोणी बघत नाही. माझाच फिरतोय.

मी तो पूर्ण बघितला, मग भांडी घासली. रडू यायला हवं होतं असं वाटलं. ते आलं नाही. साईशला फोन केला, त्याने उचलला नाही.

खरं लिहायचं तर तो वड मी त्याच दिवशी ओळखला होता. आमच्या राखणदाराचाच वड. लहानपणापासून बघतेय, ओळखणार नाही कसा? ओळखला आणि रिक्षात बसले.

२० जानेवारी, सोमवार

आज आईचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी बाल्कांवात बसायला जागा नसते. आज दोघी आल्या. त्यातली एक शेजारची पार्वती काकी, तिच्याकडे फोनच नाही. आईने वाणाच्या प्लास्टिकच्या डब्या परत पिशवीत भरल्या आणि पिशवी माळ्यावर ठेवली.

२१ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळच्या बैठकीला फक्त बाबली काका आले. वाड्यावरचे सगळ्यांत जुने. चहा नको म्हणाले, दारातच उभे राहिले.

"कृष्णनाथ," ते म्हणाले, "आयतवारी सभेआधी नारळ ठेवतलो. औंदा गाऱ्हाणां दुसऱ्याक घालूंदी."

बाबा म्हणाले, "बरां."

"तुका कळता मां? देवाकडे दोन तोंडांनी मागूक गावना नाय. लोक म्हणतत, घरातल्या एका तोंडान हयसर मागल्यान, दुसऱ्यान थयसर."

"कळता," बाबा म्हणाले.

बाबली काका गेले. बाबांनी नारळ ठेवायची तांब्याची ताटली फळीवरून काढली, पुसली आणि पुन्हा फळीवर ठेवली. माझे पणजोबा गाऱ्हाणं घालायचे, मग आजोबा, मग बाबा. त्यांच्याकडून हे कोणी कधी काढून घेतलं नव्हतं. मी आत उभी होते. तेव्हा काहीतरी वाटलं. शरम होती ती. तिला नाव द्यायला मला थोडा वेळ लागला.

२२ जानेवारी, बुधवार

दुपारी बाबा मागच्या अंगणात नारळ सोलत होते. मी समोर जाऊन बसले. कुठून सुरुवात करावी कळेना. त्यांनीच केली.

"तू म्हटलंस, पाणी असलां काय नसलां काय. तां खरां?"

मला वाटलं होतं, ते गाऱ्हाण्याचं विचारतील, कंपनीचं विचारतील, साईशचं विचारतील. फसवलं म्हणून सांगायचं मी मनात तयार करून ठेवलं होतं. हा प्रश्न मी धरलाच नव्हता.

"खरां," मी म्हटलं. "माका शेत नाका, बाबा. माका तेतूर उतरूक आवडना नाय. कधीच आवडूक नाय."

त्यांनी आणखी एक नारळ सुळ्यावर मारला. सोलून झाल्यावर म्हणाले, "तां तू माका सांगूक होयां होतां. कॅमेऱ्याक कित्याक?"

कॅमेऱ्याने विचारलं होतं, एवढंच. घरात कोणी विचारलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, इथे लिहिते.

"आनी गाऱ्हाणां कशाक घातलंस?"

"म्हणूक बरां वाटलां."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. "'होय' कोणी म्हटल्यान?"

"कॅमेरावाल्यान. खंयचो तो माका ठावक नाय. मागसून मशिनीन वाढवल्यानी."

"मगे तां गाऱ्हाणांच न्हय," बाबा म्हणाले. "हांव मागतां म्हणान देव ऐकता असां नाय गो. गाव 'होय' म्हणता म्हणान ऐकता. गाव नसलो तर ती नुसती बडबड." त्यांनी पुढचा नारळ उचलला. "पण तां आता लोकांक कोण सांगतलो? माझां कोण ऐकता?"

सोललेले नारळ मी टोपलीत भरले. शेतीबद्दल ते पुढे काही बोलले नाहीत. पण आज पहिल्यांदा वायंगणातून अंधार पडायच्या आत घरी आले.

२३ जानेवारी, गुरुवार

श्रद्धा मॅडमचा फोन. आवाज तसाच गोड.

निवड झालीय. "गाव समन्वयक" असं पद आहे. पगार तुयेच्या दुप्पट. मी विचारलं, व्हिडिओ मला न विचारता का टाकला? त्या म्हणाल्या, "तुम्ही बोललात तेच आहे ना? एक शब्द तरी आम्ही घातलाय का?" शब्द सगळे माझेच आहेत.

रविवारी ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसायचं. बोलायची गरज नाही, नुसतं दिसायचं. सोमवारी मांद्र्याला येऊन पत्र घेऊन जायचं.

मी "बरं" म्हटलं. बाबांसारखंच म्हटलं. फोन ठेवल्यावर पगाराचा विचार केला, मग मांद्र्याला बस किती वाजता असते त्याचा. माझं मला कळत नाही मी कसली आहे.

२५ जानेवारी, शनिवार

झोप नीट नाही. सुविधाला विचारलं काय करू. ती म्हणाली, "तुका काय होयां?" मी म्हटलं, नोकरी. ती म्हणाली, "मगे?" मी म्हटलं, बाबा.

२६ जानेवारी, रविवार

आधी उरलेलं लिहून टाकते. विरोधाचा ठराव झाला, पण हात फार थोड्या फरकाने जास्त होते, आणि कंपनी कोर्टात जाईल असं सगळेच म्हणतात. श्रद्धा मॅडमने माझा नंबर ब्लॉक केलाय, म्हणजे नोकरी नाही. उद्या डिचोलीला एका दुकानात हिशेबाचं माणूस पाहिजे म्हणून सुविधाने सांगितलंय, तिथे जाईन. बाबांना सांगून जाणार आहे. ताटली अजून फळीवरच आहे. सकाळी राखणदाराकडे नारळ बाबली काकांनीच ठेवला आणि गाऱ्हाणंही त्यांनीच घातलं. आम्ही घरातलं कोणी गेलो नव्हतो.

आता सभेचं.

मी पुढच्या रांगेत बसले. तिथेच बसायचं हे ठरलं होतं, का ते मला बसेपर्यंत ठरवता आलं नव्हतं. बाबा अगदी मागे, दाराजवळ उभे. इतकी वर्षं पुढे बसणारा माणूस.

ठराव वाचून झाला, हात वर व्हायला लागले, तसा साईश उठला. माझ्याकडे बघितलं नाही. स्पीकर लावून व्हिडिओ वाजवला, पूर्ण. सभेत माझा आवाज घुमला. मग म्हणाला, "नारळ ठेवून झालो. गाऱ्हाणां घालून झालां, आनी तांय मामाच्याच घरातल्यान. एकदा दिलेलो शब्द आता मोडतल्यात? आनी उद्या कोणाक काय जालां तर?"

हे त्याने नेमकं धरलं होतं. बंगले नकोत म्हणणाऱ्यांनाही राखणदाराची भीती आहेच. दोघा-तिघांनी वर केलेले हात खाली घेतलेले मी बघितले.

मी उठले. "तेतूर 'होय' म्हणता तो माणूस ह्या गावचो न्हय," मी म्हटलं. "एकटोच होतो. बाकीचे मशिनीन केलेले आसत. राखणदार खंय आसा तो तरी तेका विचारा. माका नोकरी होयी होती, म्हणान हांवें म्हटलां. नोकरी माका आजूनय होयी. शेत माका नाका, तांय खरां. पण गावान 'होय' म्हणूक नाय."

मग बाबली काका खुर्चीतूनच म्हणाले, "तोंडान गेलां तां तोंडानच परत घेवक होयां. आता हंय गाव आसा. घाल."

"हांव?"

"तूच. तूच घातलेलां मां?"

नारळ नव्हता, पान नव्हतं. मी सड्याच्या बाजूच्या भिंतीकडे तोंड केलं आणि हात जोडले. आवाज बाबांसारखा लागला नाही. माझाच लागला, बारीक.

"बारा पांचाच्या देवा म्हाराजा, तुझ्या एका लेकरान गावाक न विचारता तुझ्याकडे मागणां केलां. तां मागणां गावाचां न्हय. तां तू परत फिरव, आनी चुकलां-माकलां पोटांत घाल रे म्हाराजा."

थांबले. इथे "होय" यायला हवं. आलं नाही. पंखा फिरत होता, बाहेर कोणाची तरी स्कूटर चालूच होती. बाईने घातलेलं, तेही मोडलेल्या शब्दाचं. कोण "होय" म्हणणार? मला भीती वाटली, खरीखुरी, आणि ती वाटतेय हे लक्षात आलं.

मी पुन्हा म्हटलं, "पोटांत घाल रे म्हाराजा."

तेव्हा मागून, दाराजवळून आवाज आला. तो आवाज मी जन्मापासून देवाकडे मागताना ऐकलाय. त्याला गावकऱ्यांत उभं राहून उत्तर देताना कधीच ऐकलं नव्हतं.

"होय म्हाराजा," बाबा म्हणाले.